रेंज, रिचार्ज आणि हक्क : नेरे परिसरातील तरुणांसाठी डिजिटल ग्राहक मार्गदर्शिका

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघाले की सुकापूरनंतर नेरे लागते. हा भाग सिडकोच्या नैना क्षेत्रात आला, रस्त्याच्या कडेला इमारती उभ्या राहिल्या, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटनही झाले. तरीही ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या घरात शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलेल्या मुलीची अडचण जुनीच आहे. डोंगराच्या आडोशाला रेंज नाही, ओटीपी वेळेवर येत नाही, आणि शेवटच्या तारखेला संकेतस्थळ उघडत नाही.

जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशन, निवृत्तिवेतन, परीक्षेचे प्रवेशपत्र, नोकरीचा अर्ज ही सगळी कामे आता इंटरनेटवरून होतात. त्यामुळे इंटरनेट बंद पडणे ही करमणुकीची गैरसोय राहिलेली नाही. जोडणी तुटली की हक्क अडकतो.

महाड आपल्याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी घेईपर्यंत तो हक्क कागदावरच होता. डिजिटल हक्कांचेही तसेच आहे. कायदे आणि नियम बरेच आहेत, पण ते वापरणारे कमी आहेत. म्हणून कोणत्या अडचणीत कोणते दार ठोठवायचे, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. कार्यकर्त्यांनी ती जपून ठेवावी आणि विहारात वाचून दाखवावी.

जोडणी घेताना

भारतात कोणत्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणायचे हे ठरलेले आहे. जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेग असेल तरच ती ब्रॉडबँड होय. त्याआधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती. जाहिरातीतला वेग 'एमबीपीएस'मध्ये असतो आणि आपण उतरवून घेतो ती फाइल 'एमबी'मध्ये मोजतो. आठाने भागले की हिशेब जुळतो. ४० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने चालली तर सेकंदाला सुमारे ५ एमबी येतात. हे माहीत नसल्यामुळे फसवणूक झाल्याचा गैरसमज होतो, आणि खरी फसवणूक झाली तरी ती सिद्ध करता येत नाही.

पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती राहील? राउटर आपल्या मालकीचा की कंपनीचा? अनामत रक्कम परत कधी मिळेल? बिल कोणाच्या नावाने येईल? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. गावात केबल ओढून देणारा माणूस बहुधा एखाद्या परवानाधारक कंपनीसाठी काम करतो. बिलावर त्या कंपनीचे नाव आणि आपला ग्राहक क्रमांक नसेल तर उद्या तक्रार कोणाविरुद्ध करणार? बिल कागदावर किंवा ईमेलवर घ्याच.

मोबाईलचे सिम घेण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावरचा व्याप्तीचा नकाशा पाहा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना असा नकाशा प्रसिद्ध करावा लागतो. नकाशात गाव व्यापलेले दाखवले असेल आणि घरात रेंज नसेल, तर त्या नकाशाचा स्क्रीनशॉट हा तक्रारीचा पुरावा आहे. कंपनी बदलायची असेल तर १९०० या क्रमांकावर 'पोर्ट' आणि आपला मोबाईल क्रमांक असा संदेश पाठवायचा. क्रमांक तोच राहतो.

घरातल्या ज्येष्ठांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी डेटाचे पैसे का भरावेत? ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएस असलेली वेगळी रिचार्ज योजना देणे बंधनकारक केले. दुकानदार ती स्वतःहून सांगेलच असे नाही. आपण नाव घेऊन मागायची.

सेवा बंद पडली तर : तीन पायऱ्या

पुष्कळ जण थेट ट्रायकडे तक्रार पाठवतात आणि उत्तर आले नाही म्हणून निराश होतात. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. तक्रारीचा मार्ग पुढीलप्रमाणे आहे.

पहिली पायरी कंपनीचे तक्रार केंद्र. मोबाईलसाठी १९८ हा तक्रारीचा क्रमांक आहे. तक्रार नोंदली की डॉकेट क्रमांक मिळतो. तो, तारीख आणि वेळ वहीत लिहा. डॉकेट क्रमांक नसेल तर आपण तक्रार केली होती, असे पुढे कोणी मानणार नाही. केबलवाल्याला फोन करून "दादा, नेट बंद आहे" असे सांगणे म्हणजे तक्रार नोंदवणे नव्हे.

दुसरी पायरी त्याच कंपनीचे अपील प्राधिकरण. तक्रार मुदतीत सुटली नाही किंवा उत्तर पटले नाही तर ३० दिवसांच्या आत अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि प्राधिकरणाने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ही सोय ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी दिली आहे. अपिलाचा ईमेल आणि पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो.

तिसरी पायरी ग्राहक आयोग. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, असे कंपन्या वर्षानुवर्षे सांगत आल्या. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अग्रवाल या प्रकरणात तो युक्तिवाद फेटाळला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तर 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येतच दूरसंचाराचा उल्लेख आहे.

आयोगात जाण्यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहा. काही प्रकरणे तिथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा आयोग आहेच. रायगडचा आयोग अलिबागला आहे. नेरेहून अलिबागला फेऱ्या मारायच्या म्हणजे रोजगार बुडतो, म्हणून अनेक जण नाद सोडतात. पण आता तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. व्यवहाराची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय कुठेही असो. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

आणखी एक नियम : जिल्हा पातळीवर मोठा बिघाड होऊन सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिली, तर ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार पोस्टपेड ग्राहकाला बिलात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ मिळायला हवी. पावसाळ्यात हे विशेष लक्षात ठेवा.

संगणक आणि मोबाईल विकत घेताना

"जीएसटीशिवाय घ्या, स्वस्त पडेल" असे सांगून कच्च्या चिठ्ठीवर लॅपटॉप विकला जातो. पक्के बिल नाही म्हणजे वॉरंटीला आधार नाही. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आणि तो डब्यावरच्या व यंत्रावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. बिल न देणे हीच २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य बिलावर छापलेले असले तरी घाबरू नका. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे.

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा : यात कोणती प्रणाली आहे? विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. म्हणून अशी यंत्रे स्वस्तात विकायला निघतात. ती लगेच बंद पडत नाहीत, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसल्याने त्यांवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे. अशा यंत्रावर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकता येते. अर्ज भरणे, मराठी टंकलेखन, अभ्यासाचे व्हिडिओ यांसाठी ती पुरते. विहाराच्या अभ्यासिकेला जुने संगणक दान मिळाले असतील तर हा पर्याय जरूर पाहावा.

शिष्यवृत्ती, दाखले आणि सेवा केंद्र

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी संकेतस्थळावरून मिळते. पैसे आधारशी संलग्न बँक खात्यात जमा होतात. इथे एक चूक वारंवार होते. विद्यार्थी अर्जात एक खाते लिहितो, आणि आधार मात्र दुसऱ्याच बँकेशी जोडलेले असते. नवे खाते उघडताना बँकेने आधार जोडून घेतले की पैसे तिकडे जाऊ लागतात आणि विद्यार्थी जुने पासबुक बघत बसतो. आपले आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर दिसते. अर्ज भरण्यापूर्वी ते पाहा.

दाखल्यांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यायची हे ठरलेले आहे आणि अर्जाची पोच मिळणे हा आपला हक्क आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा नाकारला तर ३० दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपिलातला मजकूर दोन ओळींचा पुरतो : अर्जाचा क्रमांक, तारीख, आणि मुदत उलटून गेल्याची नोंद.

आपले सरकार सेवा केंद्रात शुल्काचा फलक दिसेल असा लावलेला असला पाहिजे. ठरलेल्या शुल्काची पावती मागा. "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" असे सलग ऐकायला मिळाले तर संकेतस्थळाच्या त्रुटीचा तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढा. मुदत संपल्यावर मुदतवाढ मागताना तोच पुरावा होतो.

अंगठा उमटत नाही तेव्हा

नेरे गावाजवळ कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरोगाने ज्यांच्या बोटांना इजा झाली, त्यांना यंत्रावर अंगठा ठेवायला सांगणे म्हणजे काय, हे या परिसराला समजावून सांगायला नको. वीटभट्टीवर, बांधकामावर, शेतात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचीही हीच अडचण आहे. त्यात आपल्या समाजातले वृद्ध आहेत आणि डोंगरातल्या वाड्यांमधले आदिवासी बांधवही आहेत.

नियम काय सांगतो? बोटांचे ठसे घेता येत नसतील तर फक्त बुबुळांच्या नोंदीवर आधार काढता येते. दोन्ही शक्य नसतील तरीही अपवाद म्हणून नोंदणी करता येते. केरळमधील बोटे नसलेल्या एका महिलेचे प्रकरण पुढे आल्यावर, डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने हे पुन्हा स्पष्ट केले. ओळख पटवण्यासाठी बुबुळ, चेहरा आणि ओटीपी हे पर्याय आहेत. आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून रेशन नाकारू नये, असे केंद्रीय अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना कळवले होते. "मशीन घेत नाही" हे सेवा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याहून मोठी गोष्ट सांगितली. ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींनी याचिका केली होती. बँकेच्या डिजिटल केवायसीत डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात; ज्यांना ते शक्य नाही त्यांनी काय करायचे, असा त्यांचा प्रश्न होता. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि २० निर्देश दिले. बँकेत किंवा रेशन दुकानात एखाद्या आजीला परत पाठवत असतील, तर कार्यकर्त्याने या निकालाची तारीख सांगावी आणि नकार लेखी मागावा.

पैसे गेले तर

खात्यातून पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पहिला तास मोलाचा असतो, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर तोट्याची जबाबदारी येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपला. कळवल्यानंतरचा तोटा तेव्हाही बँकेचाच, म्हणून लाजून गप्प बसू नका. बँकेने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

दोन खबरदाऱ्या आजच घ्या. आधारच्या ॲपवरून आपले बायोमेट्रिक्स लॉक करा. अंगठ्यावर पैसे काढण्याची फसवणूक त्याने टळते. आणि संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते पाहा. अनोळखी क्रमांक दिसला तर तिथेच कळवता येते. हरवलेला मोबाईलही तिथूनच बंद करता येतो.

आपली माहिती, आपला आवाज

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील बहुतेक बंधने अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी लागू होतील. माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ज) मधला बदल मात्र लगेच लागू झाला आहे. 'वैयक्तिक माहिती' म्हणून उत्तर नाकारणे त्यामुळे सोपे झाले आहे. माहिती अधिकारात काम करणाऱ्यांनी आता अर्जात आणि अपिलात कलम ८(२) नमूद करावे. जनहित मोठे असेल तर माहिती देता येते, हे कलम कायम आहे.

याची सुरुवात घरापासूनही व्हावी. शिष्यवृत्तीसाठी मदत करताना मुलांचे आधार, जातीचे दाखले आणि मार्कशीट व्हॉट्सॲपच्या गटात टाकले जातात. हे थांबवायला हवे. कागद एकट्या व्यक्तीला पाठवा, चालेल तिथे अंक झाकलेले आधार द्या, आणि काम झाल्यावर फोनमधून काढून टाका.

बोलण्याच्या हक्काचा धडा महाराष्ट्रानेच देशाला दिला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. त्या प्रकरणाने पेटलेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द झाले. इंटरनेटवरून होणारी अभिव्यक्ती अनुच्छेद १९ मध्ये संरक्षित आहे आणि इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले.

समाजमाध्यमांवर जातीवरून शिवीगाळ किंवा महापुरुषांची विटंबना झाली तर संतापून तोच मजकूर पुढे पाठवू नका. मजकुराची लिंक, खात्याचे नाव, तारीख-वेळ यांसह स्क्रीनशॉट घ्या, मूळ फोन जपून ठेवा आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या. न्यायालयात डिजिटल पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. इंटरनेटवरील जातीय अपमानालाही अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे.

विहारातून काय करता येईल

पहिले काम, एक वही. तिच्यात गावातल्या प्रत्येक तक्रारीचा डॉकेट क्रमांक, अर्ज क्रमांक आणि पुढची मुदत लिहायची. एका घराची तक्रार कंपनी दुर्लक्षित करते. एकाच वस्तीतल्या वीस घरांच्या तारखांसह आलेल्या तक्रारी तिला टाळता येत नाहीत.

दुसरे काम, ग्रामसभा. भारतनेट योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर पोहोचवण्याचे काम २०११ पासून सुरू आहे. आपल्या पंचायतीत ते चालू आहे का, शाळा आणि अंगणवाडीला त्याची जोडणी आहे का, हा प्रश्न लेखी विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

तिसरे काम, अभ्यासिकेत सार्वजनिक वाय-फाय. केंद्राने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत चहाचा टपरीवालाही सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकतो. त्याला परवाना किंवा नोंदणी शुल्क लागत नाही. या केंद्रांना कंपन्यांनी किती दराने जोडणी द्यायची, याची कमाल मर्यादा ट्रायने जून २०२५ मध्ये घालून दिली. विहाराच्या समितीने वर्गणीतून अशी एक जोडणी घेतली, तर शेवटच्या तारखेला कोणत्याही मुलीला रेंज शोधत रस्त्यावर उभे राहावे लागणार नाही.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास काढा. प्रत्येकाचे आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे आणि कोणाच्या नावावर किती सिम आहेत, एवढे दोनच तपास करा. ज्यांना फोन वापरता येत नाही त्यांच्या शेजारी एका तरुणाने बसावे. वहीचे पहिले पान त्याच दिवशी भरेल.